जुबैलचे मा साहेब

मेई पोचली तेव्हा तिच्या वडिलांना मातीआड करून आठवडा होत आला होता.

सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावर तिला घ्यायला अनुराधा स्वतः गाडी घेऊन गेली. "एवढ्या लांब एकटी कशाला जातेस, मी येतो की," असं तिचा नवरा चारुदत्त दोनदा म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. मेई काचेच्या दारातून बाहेर आली तेव्हा आधी अनुराधाला ती ओळखूच आली नाही. खांद्याला एकच बॅग, केस मानेपर्यंत कापलेले. चालणं मात्र थेट बापाचं, पुढे झुकून, कुणीतरी वाट बघत असल्यासारखं घाईचं. "अनु आँटी," एवढंच म्हणून ती बिलगली आणि बराच वेळ तिनं मिठी सोडली नाही.

गाडी जुबैलच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे सपाट पिवळी वाळू आणि विजेचे मनोरे. मेई अर्धीअधिक अनुराधाच्या स्वयंपाकघरात वाढली होती. मराठी तिला बोलता येत नसे, पण कळे सगळं. त्यामुळे अनुराधा मराठीत बोलायची आणि ती हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत उत्तर द्यायची. मध्ये इतकी वर्षं गेली, तरी गाडीत बसल्या बसल्या तीच पद्धत सुरू झाली.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही गं. जुम्म्याची नमाज पढून आले, चहा केला, खुर्चीत टेकले, ते तसेच. कादिरभाई पापलेट द्यायला गेले तर दार उघडंच. त्यांना वाटलं, डुलकी लागलीय."

"दार उघडंच," मेई म्हणाली. "लावलंय कधी त्यांनी?"

यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते अनुराधाला कळेना. ती गाडी चालवत राहिली. लांब क्षितिजावर तेलाच्या प्लँटच्या चिमण्यांच्या ज्वाळा दिसू लागल्या, तशी मेईनं मान वळवून डोळे मिटून घेतले.

मा ग्वोदोंग हे त्यांचं पूर्ण नाव. चीनच्या पश्चिमेला लानझोऊ नावाचं शहर आहे, तिथल्या मुसलमान घराण्यातले. तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर होते. चीनमधून फारसं कुणी जुबैलला येत नव्हतं, त्या काळात ते बायकोला घेऊन इथे आले. पंप आणि कॉम्प्रेसर हे त्यांचं खातं. चारुदत्त नाशिकहून नवा नवा आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं, "मा साहेबांना रिपोर्ट करा." घरी येऊन तो अनुराधाला म्हणाला, "अगं, माझा बॉस मासाहेब आहे!" आणि परक्या देशातल्या त्या रिकाम्या घरात, अजून न उघडलेल्या खोक्यांवर बसून दोघं पोट धरधरून हसली.

पुढे ओळख वाढल्यावर अनुराधानं त्यांना त्या हसण्याचा खुलासा केला. "आमच्याकडे मासाहेब म्हणजे आई. मोठ्या घरची, मानाची आई."

मा साहेबांनी जरा विचार केला. मग प्लँटमध्ये शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "अच्छा. प्रमोशन."

त्यांच्या औदार्याला समारंभ नव्हता. तेव्हा बायकांना इथे गाडी चालवायची परवानगी नव्हती. नवरे शिफ्टमध्ये अडकलेले, आणि बायका घरात. कॉलनीत हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मा साहेबांनी धरलं नाही. सुटीच्या दिवशी सकाळी त्यांची जुनी पांढरी व्हॅन कॉलनीच्या फाटकाशी उभी राही. ज्या बायकांना बाजार करायचा असेल त्यांनी यावं. बायको लान पुढच्या सीटवर, मागे मराठी, मल्याळी, पाकिस्तानी बायकांचा किलबिलाट, आणि गाडी निघाली कतीफला. तिथल्या मासळीबाजारात प्लँटमधल्या कोकणी कादिरची बायको सफूरा हर्णैच्या बंदरात असल्यासारखी घासाघीस करी. अनुराधा शाकाहारी, ती नाकाला पदर लावून पलीकडे भाजीवाल्यांकडे पळे. मा साहेब गाडीला टेकून थर्मासमधला चहा पीत उभे. कुणाला किती वेळ लागला, यावर एक अक्षर बोलत नसत.

त्यांच्या घरी दर शुक्रवारी नूडल्स असत, हातानं ओढून केलेल्या. ओट्यावर पिठाचा उंडा आपटून, ताणून, दुमडून ते दोन्ही हातांत शेवयांसारख्या तारा काढत, आणि कॉलनीतली पोरं टाळ्या पिटत. रस्सा गोमांसाचा. पहिल्या वेळी चारुदत्त आणि अनुराधा अवघडून बसली होती. पुढच्या शुक्रवारी गेली तर शेगडीवर नवी कोरी कढई, तिच्यात नुसत्या भाज्या. "ही तुझी," मा साहेब म्हणाले. "हिच्यात कधीच मटण जाणार नाही." आणि कधी गेलं नाही. लान गेल्यावरही नाही, घरात जेवायला ते एकटेच उरले तेव्हाही नाही.

लान गेली तेव्हा मेई सात वर्षांची होती. पोटात गाठ निघाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत सगळं संपलं. जुबैलच्या कबरस्तानात तिला ठेवलं. आता मा मुलीला घेऊन परत जाणार, असं सगळ्यांना वाटलं. चारुदत्तनं विचारलंही.

"लान इथे आहे," ते म्हणाले. "मी कुठे जाऊ?"

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी दारावरची बेल वाजली. अनुराधानं दार उघडलं तर मा साहेब उभे, डोक्यावर प्लँटचं हेल्मेट, हाताशी शाळेच्या गणवेशातली मेई. पोरीचे केस कसेतरी रबरबँडनं आवळलेले, अर्धे मोकळे.

"सिस्टर, हे कसं करायचं ते शिकवा."

"मीच घालून देत जाईन की वेणी रोज," अनुराधा म्हणाली.

"नाही. मला शिकवा. ही माझी मुलगी आहे."

मग अनुराधानं शिकवलं. तीन पेड, डावा वरून, उजवा वरून. मोठमोठ्या यंत्रांचे सुटे भाग अलगद हाताळणारी ती बोटं पोरीच्या मऊ केसांत पार गोंधळून गेली. मेई "आई गं" म्हणून ओरडली, अगदी मराठीत. दुसऱ्या दिवशी चारुदत्त घरी आला तो हसतच. पंपाच्या दांड्याभोवती बसवायची विणीची दोरी असते. मा साहेबांनी स्टोअरमधून तिचा जुना तुकडा मागवून घेतला होता, आणि जेवणाच्या सुटीत तो उसवून पुन्हा वेणी घालायचा सराव चालला होता. भोवती सगळे फिटर गोळा. एक पठाण म्हणे सल्लाही देत होता.

महिन्याभरात मेईच्या दोन घट्ट वेण्या इतक्या सुबक दिसू लागल्या, की कॉलनीतल्या इतर मुली आपल्या आयांना म्हणायला लागल्या, मा अंकलसारखी घाल.

पंधरावं लागलं तशी मेईला लानझोऊला आत्याकडे पाठवावं लागलं. इथली शाळा संपली होती. तिथून ती शांघायला गेली, आर्किटेक्ट झाली. बापलेकीचं बोलणं फोनवर होई. सुटीत ती आली ती दोनदाच. मा साहेब साठीला निवृत्त झाले, पण एका छोट्या कंत्राटदाराकडे सल्लागार म्हणून राहिले, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, टिकला आणि जुबैलही सुटलं नाही.

आता बापाच्या त्याच घरात मेई बसली होती आणि माणसं येत होती.

सकाळपासून रीघ लागली. केरळचा वेल्डर आला, त्याला मा साहेबांनी इंग्रजी शिकवलं होतं. शेजारची सीरियन बाई आली, तिच्या मुलाला ते सायकलवरून पडल्यावर दवाखान्यात घेऊन धावले होते. कंपनीतला निवृत्त सौदी फोरमन आला, खजुराचा डबा ठेवून नुसता डोळे पुसत बसला आणि उठून गेला. प्रत्येकाकडे एक गोष्ट होती. मेई मान हलवत ऐकत होती, आभार मानत होती, चहा देत होती. दुपारी घर रिकामं झालं तेव्हा तिनं हातातला कप ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की अनुराधा दचकली.

"सगळ्यांचे बाबा," ती म्हणाली. "आँटी, सगळ्यांचे. मला आज कळतंय की माझे बाबा रांगेत मिळायचे. आणि माझा नंबर मागे होता."

"असं नको बोलूस."

"का नको? पाचवीत माझं नाटक होतं. मी राणी होते. पहिल्या रांगेतली खुर्ची मी माझा रुमाल टाकून धरून ठेवली होती. नाटक संपलं, सगळे घरी गेले, वॉचमननं दिवे घालवले. मी पायरीवर बसले होते. खूप उशिरा आले, आणि काय म्हणाले? 'काम आलं.' प्लँट! पंप! एका पंपासाठी..." ती रडू लागली.

अनुराधा ओट्याला धरून उभी राहिली. सांगावं की नाही, हा विचार तिनं मा साहेब गेल्यापासून रोज केला होता. ज्यानं स्वतः सांगितलं नाही, त्याच्या माघारी आपण सांगणारे कोण? पण पोरगी समोर रडत होती, आणि ज्याच्यावर ती रागावली होती तो आता काही बोलायला येणार नव्हता.

"तो पंप नव्हता, मेई," ती म्हणाली. "ती सफूरा होती."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी दुपारी वाऱ्यानं वाळू उठवली होती, समोरचं घर दिसत नव्हतं. मा साहेब ठेवणीतला सूट घालून, टाय बांधून शाळेत निघाले होते. तेवढ्यात सफूरा दारात आली, भिंतीला धरत. आठवा महिना होता आणि साडी रक्तानं भिजली होती. कादिर शटडाऊनच्या कामावर, बंद प्लँटच्या दुरुस्तीसाठी आत टाकीत उतरलेला, त्याला निरोपही जाईना. अँब्युलन्स वादळात कुठेतरी अडकली होती. मा साहेबांनी अनुराधाला हाक मारली. दोघींना मागे बसवलं आणि काच खाली करून, डोकं बाहेर काढून, रस्त्याची कड बघत बघत त्यांनी गाडी हाकली. टायनं तोंड बांधून घेतलं होतं.

"दवाखान्यात सफूराला आत नेलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, जा तुम्ही, मी आहे. ते दारापर्यंत गेले. तेवढ्यात नर्स आली, रक्त हवंय म्हणाली. त्यांचा गट जुळत होता. ते परत फिरले, कोट काढला आणि बाही वर केली. मी बघत होते ना त्यांचं तोंड. हात नर्सच्या हातात, आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर."

मेईनं डोळे पुसले.

"मला का नाही सांगितलं?"

"हे मीही विचारलं त्यांना, खूप वर्षांनी." बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली त्या साली. पन्नाशीला टेकलेल्या अनुराधाला मा साहेबांनीच गाडी शिकवली होती, समुद्राकाठच्या मोकळ्या पार्किंगमध्ये. चारुदत्त शिकवायला बसला की दोघांची भांडणं होत. मा साहेब शेजारी शांत बसत, चूक झाली की नुसतं "फिर से" म्हणत. एकदा शिकवणी संपल्यावर गाडी बंद करून दोघं समुद्राकडे बघत बसले होते, तेव्हा तिनं विचारलं आणि ते बोलले. "म्हणाले, सफूराची मुलगी रोज याच अंगणात खेळणार. मेईला ती दिसली की दरवेळी ते नाटक आठवेल. लहान मुलीनं लहान मुलीवर राग धरावा, हे बरं नाही. माझ्यावर धरू दे. मी मोठा आहे, मला पेलेल."

"आणि पेललं का?" मेईनं विचारलं.

अनुराधाला खोटं बोलवेना. "नाही गं. मला म्हणाले, त्या दिवशी मी शाळेत पोचलो तेव्हा तिनं दोन्ही वेण्या सोडून टाकल्या होत्या. त्यानंतर कधी मला केसांना हात लावू दिला नाही. मग म्हणाले, सिस्टर, चुकलं का माझं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. सुचलंच नाही मला. आजही सुचत नाही."

मेई उठून खिडकीशी गेली. आपल्या आखूड केसांवरून तिनं एकदा हात फिरवला. "तरी सांगायला हवं होतं त्यांनी," ती म्हणाली. आवाजातला राग गेला नव्हता, पण आता त्याला धरायला जागा सापडत नव्हती. "मी अकरा वर्षांची होते. मला कळलं असतं."

"कळलं असतं," अनुराधा म्हणाली. "माणूस हुशार होता, पण सगळ्यात हुशार नव्हता."

या वाक्यावर मेई अचानक हसली, रडता रडताच.

चारच्या सुमारास सफूरा आली, हातात सांदणांचा डबा, मागे मुलगी इफरा. कॉलेजात जाणारी, उंच, चष्मा लावलेली, बडबडी. आज मात्र ती आईच्या पाठीशी उभी होती. मेईला ती लहानपणीची आठवत होती, अंगणात रांगणारी, नाक वाहणारी. मेई तिच्याकडे बघत राहिली. अनुराधाला वाटलं, आपण सांगून बसलो ते बरं केलं की वाईट?

"बस ना," मेई म्हणाली. "तुझा वाढदिवस मार्चमध्ये असतो, नाही?"

"हो आपा. तुम्हाला कसं माहीत?"

"आठवतंय."

इफराला धीर आला. "मा चाचा दर वाढदिवसाला नूडल्स करून आणायचे. एकच नूडल, अख्खा वाडगाभर एकच! तोडायचा नाही, म्हणायचे, जितका लांब तितकं आयुष्य लांब. माझा नेहमी तुटायचा. मग ते म्हणायचे, काही हरकत नाही, दोन आयुष्यं."

"मला म्हणायचे, गाठ मार," मेई म्हणाली. "फोनवर. मी तिकडे खायची, ते इकडे. दर वर्षी."

सफूरा सगळं समजून होती. तिनं मेईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बाय माझी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुझा बाप तुझ्याकडे यायचा होता तो मी अडवला. अठरा वर्षं मला हे तुला सांगायचं होतं. ते सांगू देत नव्हते."

मेईनं नुसती मान हलवली. पण इफराला तिनं आपल्या शेजारी सरकून जागा करून दिली, आणि सांदणं सगळ्यांनी मिळून खाल्ली. मग मेईनं इफराला विचारलं, काय शिकतेस. आर्किटेक्चर नव्हे, नर्सिंग. अनुराधाला उगीचच बरं वाटलं.

ऊन उतरल्यावर सगळे कबरस्तानाकडे निघाले. गाडी अनुराधानं घेतली. मेई तिच्या शेजारी, सफूरा आणि इफरा मागे. चारुदत्त आणि कादिर दुसऱ्या गाडीतून. इथल्या रिवाजाप्रमाणे बायकांना आत जाता येत नाही, हे मेईला माहीत होतं. आई गेली तेव्हाही ती याच भिंतीबाहेर गाडीत बसली होती. चारुदत्त मुसलमान नसल्यानं दफनाच्या दिवशीही फाटकाशीच थांबला होता, तो आजही तिथेच थांबला, हात पुढे बांधून.

कादिर एकटा आत गेला. थोड्या वेळानं मेईचा फोन वाजला.

"बेटा, मी त्यांच्यापाशी उभा आहे," कादिरचा आवाज आला. वाऱ्यानं तो मध्येच तुटत होता. "साधी जागा आहे. डोक्याशी एक दगड. माती अजून ओली दिसते, मी सकाळी पाणी घातलं होतं."

"आणि आई?"

"इथून चार रांगा सोडून. शेजारी जागा नव्हती मिळाली. पण दिसतं इथून." तो थांबला. "मी फोन खाली धरतो. तुला काय बोलायचं ते बोल. मला तुझी भाषा कळत नाही, तेव्हा संकोच करू नकोस."

मेईनं फोन तोंडाजवळ घेतला. मग ती बोलू लागली, लानझोऊच्या त्या बोलीत, जी इथे आता तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. आधी सावकाश, मग भरभर, मग भांडल्यासारखी. एकदा आवाज चढला. एकदा ती हसली. मागे सफूरा तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती. इफरानं पुढे हात करून मेईच्या खांद्यावर ठेवला होता आणि मेईनं तो झटकला नाही.

अनुराधाला एक शब्दही कळत नव्हता. मधूनमधून "बाबा" मात्र ऐकू येत होतं, चिनीतही तो शब्द तोच. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. पुढच्या वर्षी चारुदत्त निवृत्त होणार, ती दोघं नाशिकला जाणार. मग या गावात मा साहेबांची गोष्ट सांगायला कादिरचं घर राहील, आणि तेही किती दिवस, कुणास ठाऊक.

बऱ्याच वेळानं मेई थांबली. "कादिर अंकल, झालं," ती हिंदीत म्हणाली. "आता आईकडे घेऊन चला."

"चल," कादिर म्हणाला, आणि फोनमध्ये वाळूवरून चालणाऱ्या त्याच्या चपलांचा आवाज येऊ लागला.